बोट थांबली, बोट निघाली

कोकणातल्या पुष्कळ गावांत एखादा तरी माणूस ‘बोटीवर’ असतो. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर कामाला गेली. गोव्यात बोटीवरच्या माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. बोटीवरून पैसे येतात. त्या पैशावर घर उभे राहते, बहिणीचे लग्न होते, सावकाराचे देणे फिटते.

पण बोटीवरचे काम कसे असते? आणि साथ आली तर तिथल्या माणसाचे काय होते? २०२० साली कोरोनाची महामारी आली, तेव्हा ते साऱ्या जगाला दिसले. तीच हकीकत इथे सांगितली आहे.

सहलीचे जहाज म्हणजे काय?

जहाजे अनेक तऱ्हेची असतात. काही तेल नेतात, काही धान्य नेतात, काही कोळसा नेतात. पण काही जहाजे नुसती माणसांना फिरवून आणतात. त्यांना क्रूझ किंवा सहलीचे जहाज म्हणतात. पैसेवाले लोक आठ-पंधरा दिवस अशा जहाजावर राहतात. खातात, पितात, समुद्र पाहतात, निरनिराळी बंदरे बघतात.

असे जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक गावच! मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार प्रवासी असतात. त्यांच्या सेवेला हजारभर कामगार असतात. त्यांत आचारी आहेत, वाढपी आहेत, खोल्या झाडणारे आहेत, कपडे धुणारे आहेत. इंजिनावर काम करणारे आहेत, सुकाणू धरणारे आहेत. या सगळ्यांवर कप्तान असतो. हे कामगार भारतातले असतात, फिलिपिन्समधले असतात, इंडोनेशियातले असतात. आणखीही कितीतरी देशांतले असतात.

प्रवाशाची खोली छान असते. कामगाराची खोली खाली, पाण्याच्या पातळीजवळ असते. बहुतेकांच्या खोलीला खिडकी नसते. एका खोलीत दोघे जण, कधी त्याहून जास्त. एकावर एक अशा झोपायच्या फळ्या. जेवायला सगळे एकाच खानावळीत. एकाला खोकला झाला तर तो दुसऱ्याला व्हायला वेळ लागत नाही.

साथ आणि जहाज यांचे जुने नाते

रोग जहाजातून येतो, हे माणसाला फार पूर्वी कळले. इटली देशात व्हेनिस नावाचे बंदर आहे. प्लेगच्या दिवसांत तिथे जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवीत. त्यांच्या भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. त्यावरूनच ‘क्वारंटाईन’ हा शब्द आला. आपण त्याला विलगीकरण म्हणतो.

आपल्या मुंबईनेही हे अनुभवले आहे. १९१८ साली पहिले महायुद्ध चालू होते. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबईला आले. जूनमध्ये मुंबईतले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. त्यांच्यातला एक जण गोदीवर पहाऱ्याला होता. पुढे तो ताप देशभर पसरला आणि लाखो माणसे मेली. त्याला इन्फ्लुएंझाची साथ म्हणतात.

जपानच्या धक्क्यावर

आता २०२० सालाकडे येऊ. ‘डायमंड प्रिन्सेस’ नावाचे सहलीचे एक मोठे जहाज होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते जपानच्या योकोहामा बंदरावर आले. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांत १,०४५ कामगार होते. भारतीय १३८ होते, आणि त्यांतले १३२ कामगार होते.

या जहाजावरून पूर्वी उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना झाल्याचे कळले. जपान सरकारने सांगितले, “कोणी उतरायचे नाही. चौदा दिवस जहाजावरच राहा.”

प्रवासी आपापल्या खोलीत बसले. पण त्यांना जेवण कोण देणार? पाणी कोण देणार? कचरा कोण काढणार? ते काम कामगारांनीच करायचे होते. प्रवाशांना वेगळे ठेवले, पण कामगारांना वेगळे ठेवता आले नाही. ते खोल्याखोल्यांच्या दारांशी जात. पुन्हा खाली येऊन एकत्र जेवत आणि दोघे-दोघे एका खोलीत निजत. पहिल्याने जे कामगार आजारी पडले, त्यांत जेवणखाण्याच्या कामावरचे लोकच जास्त होते.

शेवटी त्या जहाजावर ७१२ जणांना कोरोना झाला. दहाहून अधिक माणसे दगावली. लागण झालेल्या १६ भारतीयांवर जपानच्या इस्पितळांत उपचार झाले. २७ फेब्रुवारी २०२० रोजी ११९ भारतीयांना विमानाने दिल्लीला आणण्यात आले. १ मार्चला कप्तान सर्वांत शेवटी जहाजावरून उतरला.

यातून एक धडा मिळाला. साथीत रोग्याची आणि पाहुण्याची काळजी घ्यावी, हे खरेच. पण जो त्यांची सेवा करतो, त्याची काळजी घेतली नाही तर कोणाचेच रक्षण होत नाही.

प्रवासी घरी गेले, कामगार राहिले

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटले. त्याच आठवड्यात सहलीची जहाजे थांबू लागली. १४ मार्चला अमेरिकेच्या आरोग्य खात्याने हुकूम काढला : ‘सहलीच्या जहाजांनी प्रवासी घेऊन निघू नये.’ मग हळूहळू सगळे प्रवासी उतरले. जहाजावर कामगार तेवढे राहिले.

तुम्ही म्हणाल, “मग त्यांनी घरी यावे की! कोणी अडवले?”

अहो, एक नव्हे, चार कुलपे होती.

पहिले कुलूप बंदराचे. पुष्कळ देशांनी जहाजे धक्क्याला लावू दिली नाहीत. जहाजे समुद्रात नांगर टाकून उभी राहिली. अमेरिकेजवळ उभी राहिली, फिलिपिन्सच्या मनिला बंदराबाहेर उभी राहिली. किनारा डोळ्यांना दिसे, पण पाय ठेवता येत नसे.

दुसरे कुलूप विमानाचे. जगभर विमाने बंद झाली. अमेरिकेत तर अट होती, की या कामगारांना नेहमीच्या प्रवासी विमानाने नेऊ नये. खास गाडी करा, खास विमान करा. ते महाग पडे. म्हणून कित्येक कंपन्यांनी जहाजच कामगारांच्या देशाकडे वळवले.

तिसरे कुलूप स्वतःच्या देशाचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भारतात टाळेबंदी झाली. परदेशातून येणारी विमाने थांबली.

चौथे कुलूप गावाचे. देशात आलेल्या माणसालाही पुष्कळ गावांत लगेच शिरू देत नसत. शाळेत नाहीतर रानातल्या खोपीत चौदा दिवस राहावे लागे.

ही कुलपे एकेक करून उघडली. २१ एप्रिल २०२० रोजी भारत सरकारने खलाशांच्या उतरण्याचे नियम काढले. आधी तपासणी, मग विलगीकरण, मग घरी जाण्याचा पास. लगेच २३ एप्रिलला मुंबईबाहेर थांबलेल्या एका परदेशी सहलीच्या जहाजावरून सुमारे दीडशे भारतीय कामगार उतरले. ७ मेपासून परदेशी अडकलेल्यांसाठी सरकारी विमाने सुरू झाली. मे महिन्यातच इटलीहून खलाशांना घेऊन एक विमान गोव्यात दाबोळीला उतरले. त्या वेळी कित्येकांच्या घरी आरती ओवाळली गेली असेल, कित्येकांच्या घरी मेणबत्ती लागली असेल.

सगळ्यांचे नशीब मात्र असे नव्हते. मालाच्या जहाजांवरही माणसे अडकली होती. २०२० च्या अखेरीस जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावरच होते, असा अंदाज आहे.

पैसा आणि मन

बोटीवरची नोकरी कायमची नसते. सहा महिने, आठ महिने, नऊ महिने असा करार असतो. करार संपला, की माणूस घरी येतो. घरी असताना पगार बहुधा मिळत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणे येते.

२०२० साली बोलावणे आलेच नाही. वर्ष गेले. कोणी दुसऱ्या वर्षाचाही निम्मा भाग घरी काढला. घराचे कर्ज होते, त्याचे हप्ते थांबत नव्हते. मुलांची फी होती. काहींनी दागिने गहाण टाकले. काहींनी शेती पाहिली, काहींनी मासळी विकली, काहींनी रिक्षा चालवली. काही कंपन्या तर बुडाल्या. मुंबईहून सहली करणारे ‘कर्णिका’ नावाचे जहाज २०२० साल संपता संपता गुजरातेत अलंगला मोडीत गेले. जहाज मोडले, की शेकडो माणसांची नोकरीही मोडते.

पैशाबरोबर मनाचाही प्रश्न होता. जहाजावर रिकाम्या राहिलेल्या प्रवाशांच्या खोल्या पुष्कळ ठिकाणी कामगारांना दिल्या गेल्या. खोली चांगली, जेवण दाराशी; पण दिवसचे दिवस एकट्याने काढायचे. घरी केव्हा जाणार ते ठाऊक नाही. आई फोनवर विचारी, “बाळा, कधी येतोस?” तो काय सांगणार? काही माणसे खचली. आजार नुसता अंगाला होत नाही, मनालाही होतो. मनाच्या दुखण्याची लाज धरू नये. जवळच्या माणसाशी बोलावे, डॉक्टरला दाखवावे. घरच्यांनीही फोनवर नुसते पैशाचे विचारू नये. “तू बरा आहेस ना? झोप लागते ना?” हेही विचारावे.

बोट पुन्हा निघाली

ऑगस्ट २०२० मध्ये इटलीतून एक मोठे जहाज पुन्हा सहलीला निघाले. प्रवासी कमी घेतले. चढण्यापूर्वी प्रत्येकाची तपासणी केली. अमेरिकेतून मात्र पैसे देणाऱ्या प्रवाशांची पहिली सहल निघायला २६ जून २०२१ उजाडले. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये सहली सुरू झाल्या.

प्रवासी चढण्याआधी कामगारांना चढावे लागते. त्यांचे नियम असे होते :

घरून निघण्यापूर्वी तपासणी. जहाजावर पोचल्यावर पुन्हा तपासणी. मग काही दिवस एकट्याने खोलीत राहणे. कामावर मास्क लावणे. ताप आला तर लपवायचा नाही, लगेच सांगायचे. आणि पुढे सर्वांत मोठी अट आली ती लसीची.

या लसीने आपल्या लोकांना बरीच धावपळ करायला लावली. २०२१ च्या मे महिन्यात भारतात कोव्हिशील्ड लसीच्या दोन टोचण्यांमध्ये ८४ दिवसांचे अंतर ठरले होते. बोट तितके दिवस थांबते थोडीच! म्हणून जून २०२१ मध्ये सरकारने परदेशी नोकरीला जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी टोचणी घेण्याची सवलत दिली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांची वेगळीच अडचण झाली. त्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली. तोवर पुष्कळ देश ती लस धरीत नव्हते.

लस टोचली, की त्याच दिवशी अंगात बळ येते असे नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकेत एका नव्या जहाजाच्या कामगारांना लस दिली. पण पुरते दोन आठवडे होण्याआधीच आठ जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांतल्या सहा जणांना काहीच त्रास नव्हता. दोघांना थोडा त्रास झाला. जहाजाची पहिली सहल मात्र चार आठवडे पुढे गेली. शेतात पेरले, की दुसऱ्या दिवशी कणीस दिसत नाही. लसीचेही तसेच आहे.

लसीनंतरही सावधपणा लागतोच. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका जहाजावर दोन हजारांच्या आसपास माणसे होती. तपासणीत ६६ जणांना लागण झालेली निघाली आणि जहाजाला मुंबईला परतावे लागले.

पुढे साथ ओसरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. जहाजे पुन्हा भरून चालू लागली. आपली माणसेही पुन्हा बोटीवर गेली.

कायदा काय सांगतो?

खलाशांसाठी जगातल्या देशांनी २००६ साली एक करार केला आहे. त्याप्रमाणे खलाशाला सलग बारा महिने किंवा अधिक काळ जहाजावर ठेवता येत नाही. करार संपल्यावर त्याला घरी पोचवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. महामारीत हे पाळले गेले नाही, म्हणून करारात सुधारणा झाली. खलाशाला चांगले अन्न आणि पिण्याचे पाणी फुकट मिळावे, त्याला घरच्यांशी बोलता यावे, आजारी पडल्यास बंदरावर लगेच उपचार मिळावेत, अशी कलमे त्यात आली. ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहेत.

म्हणून तुमच्या घरचे कोणी बोटीवर जाणार असेल, तर एवढे करा :

नोकरी लावणाऱ्या दलालाकडे सरकारी परवाना आहे का, ते पाहा. खलाशांचे सरकारी खाते, म्हणजे नौवहन महासंचालनालय, मुंबईत आहे. तिथे चौकशी करता येते. नोकरी लावून देण्यासाठी कोणी मोठी रक्कम मागितली तर देऊ नका.

कराराचा कागद नीट वाचा. किती महिने, किती पगार, आजारी पडल्यास काय, परतीचा खर्च कोणाचा, हे त्यात पाहा. कागदाची एक नक्कल घरी ठेवा.

लशीचा दाखला, पासपोर्टची नक्कल, जहाजाचे नाव आणि कंपनीचा फोन एका वहीत लिहून ठेवा.

पगारातून थोडे तरी शिल्लक टाका. समुद्राला भरती असते तशी ओहोटीही असते.

आणि ही वही, हा कागद घरातल्या बाईमाणसालाही वाचता आला पाहिजे. बोटीवरचा माणूस दूर असतो. त्याच्यासाठी अर्ज लिहायचा, फोन करायचा, दाद मागायची, ते घरी असणाऱ्यांनाच करावे लागते. तुम्ही वाचायला शिकलात, तर त्याला आधार झाला.

सांगा पाहू

१. ‘क्वारंटाईन’ हा शब्द कशावरून आला?
२. डायमंड प्रिन्सेसवर कामगारांना लागण का झाली?
३. कामगारांना घरी येण्यास कोणती चार कुलपे आडवी आली?
४. बोटीवर जाण्यापूर्वी करारात काय काय पाहावे?