विश्लेषण : एका कॅमेऱ्यामुळे अख्ख्या वेबसाइटची जागा कशी भरते?

ट्रक वजनकाट्यावर चढला की कॅमेरा तीन फोटो काढतो आणि इंटरनेटवरून थेट कंपनीच्या वेबसाइटच्या जागेत पाठवतो. कुणाला बटणही दाबावे लागत नाही. सोय मोठी आहे. मात्र महिनाभराने एके दिवशी कार्यालयात बिलांच्या मेल येणे बंद होते, तेव्हा संशय कॅमेऱ्यावर जात नाही.

कोळसा आणि सिमेंटच्या ट्रकची वर्दळ असलेल्या मुकुटबन (ता. झरी जामणी, जि. यवतमाळ) परिसरातला एखादा वजनकाटा उदाहरणादाखल घेता येईल. दिवसाला २०० ट्रक, प्रत्येकी तीन फोटो, प्रत्येक फोटो सुमारे ३०० केबीचा, असे धरले तर रोज १८० एमबी होतात. वेबसाइटसाठी ५ जीबीची होस्टिंग घेतलेली असेल, तर ती २८ दिवसांत संपते. आणि याच ५ जीबीमध्ये वेबसाइट, डेटाबेस आणि बहुतेकदा मेलबॉक्सही असतात. जागा संपली की नवी मेल स्वीकारली जात नाही, वेबसाइटवरचा फॉर्म अडतो. चूक कॅमेऱ्याची, भुर्दंड हिशेबनिसाला!

कोटा म्हणजे नेमके काय?

असे कॅमेरे बहुधा एफटीपी या पद्धतीने फाइल पाठवतात. ही पद्धत जुनी आहे. तिचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत असताना लिहिला. ऑक्टोबर १९८५ च्या नियमावलीत जागा संपल्याचा खास संकेतही आहे : ५५२. ठरवून दिलेल्या जागेपेक्षा जास्त झाले, म्हणून काम थांबवले, असा त्याचा अर्थ. कॅमेऱ्याच्या नोंदींत हा आकडा दिसला, तर बिघाड वायरमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

सीपॅनेल वापरणाऱ्या होस्टिंगमध्ये मुख्य खात्याखेरीज वेगळी एफटीपी खाती उघडता येतात आणि अनेक ठिकाणी प्रत्येकाला एमबीमध्ये कोटा ठरवून देता येतो. मुख्य खात्याला असा वेगळा कोटा नसतो. त्यामुळे मुख्य खात्याचाच पासवर्ड कॅमेऱ्यात भरून ठेवणे, ही सर्वात महागात पडणारी चूक. कोट्याच्या रकान्यात ‘अनलिमिटेड’ निवडले, तरी जागा अमर्याद होत नाही. एकूण ५ जीबीचे कुंपण तसेच राहते, फक्त आतली भिंत पडते.

आणखी एक गैरसमज. कोटा म्हणजे राखीव जागा नव्हे. ५ जीबीत तीन खात्यांना दोन-दोन जीबी दिले, तर सीपॅनेल हरकत घेत नाही. जो आधी भरेल त्याची जागा.

किती द्यावा?

फोटो किती दिवस लागतात, यावर ते ठरते. वजनाबद्दलच्या तक्रारी १५ दिवसांत मिटत असतील, तर १५ गुणिले १८० म्हणजे २,७०० एमबी. तेव्हा ३,००० चा कोटा पुरेसा. तो भरला तर फक्त फोटो थांबतील, बिलांची मेल येत राहील. अर्थात कोटा जुने फोटो स्वतः पुसत नाही. ते काम माणसालाच करावे लागते : दर आठवड्याला फोटो काट्यावरच्या संगणकात उतरवून घ्यायचे आणि जुने काढून टाकायचे.

फाइलींची संख्याही विसरू नये. रोज ६०० फोटो म्हणजे वर्षाला २ लाख १९ हजार फाइली. स्वस्त प्लॅनमध्ये फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते, मग जागा शिल्लक असूनही काम अडू शकते.

पुसले तरी भरलेलेच का दिसते?

इथे भलेभले गोंधळतात. मोबाइलवरून सीपॅनेल उघडून फाइल मॅनेजरमधून फोटो पुसले, तर ते आधी ट्रॅश फोल्डरमध्ये जातात आणि तिथेही जागा खातात. ट्रॅश रिकामा करावा लागतो. दुसरी गोम हिशेबाची. प्युअर-एफटीपीडी हा सर्व्हर फाइलींची संख्या आणि आकार यांची बेरीज एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. दुसऱ्या वाटेने पुसलेल्या फाइली त्या वहीतून वजा होत नाहीत. फोल्डर रिकामे, तरी ५५२ कायम! यावर उपाय म्हणजे एफटीपीनेच जोडून फाइली पुसणे. चूक आधीच झाली असेल, तर होस्टिंग कंपनीला कोट्याची फेरमोजणी करायला सांगावे. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले, त्यामुळे फाइलझिलासारखे वेगळे सॉफ्टवेअर लागते.

खाते उघडताना फोल्डरही तपासावे. ते ‘पब्लिक_एचटीएमएल’च्या आत असेल, तर ट्रकचे क्रमांक दिसणारे फोटो पत्ता माहीत असणाऱ्या कुणालाही उघडता येतात. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. कॅमेऱ्यात एफटीपीएसचा पर्याय असेल, तर तो सुरू करावा. नसेल, तर त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये.