विलायतेतले ‘आयसा’ खाते : ब्रोकर कोणता निवडावा?

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज ब्रिटनमध्ये नोकरीला आहेत. तिथे करनिवासी असलेल्या, १८ वर्षांवरील कोणालाही, मग पासपोर्ट भारतीय का असेना, ‘आयसा’ खाते उघडता येते. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षात २०,००० पौंडांपर्यंत रक्कम त्यात घालता येते. नफ्यावर आणि लाभांशावर तिथला कर लागत नाही. जकात अर्थातच माफ होत नाही.

मुले बहुधा मोबाइलवरची जाहिरात पाहून ब्रोकर ठरवतात. आम्ही म्हणू, आधी त्याच्याकडे शरियतसंमत फंड मिळतो का ते पाहा. एचएसबीसीचा इस्लामिक ग्लोबल इक्विटी फंड सगळीकडे मिळतोच असे नाही. दुसरे, खात्यात पडून राहिलेल्या रोख रकमेवर अनेक ब्रोकर व्याज देतात. ते बंद करण्याची सोय आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. फीदेखील पाहावी. ०.२५ टक्के घेणाऱ्याला १०,००० पौंडांवर वर्षाला २५ पौंड जातात आणि रक्कम वाढेल तशी फी वाढते. ब्रोकर बदलायचा झाल्यास पैसे काढू नयेत. नव्या ब्रोकरकडे हस्तांतराचा अर्ज द्यावा, नाहीतर करमाफी जाते.

परतीचा विचार मात्र कोणी करत नाही. ब्रिटन सोडल्यावर खाते ठेवता येते, पण सहसा नवी रक्कम घालता येत नाही. काही ब्रोकर परदेशी पत्ता चालवून घेत नाहीत. शिवाय चिपळूणला परतून पूर्ण निवासी झालात की भारताच्या आयकर खात्याला हे उत्पन्न दाखवावे लागते. इथे ते करमुक्त नाही.