बार्डोलीचा हिशेब

रयतवारी मुलखात शेतसारा तीस-तीस वर्षांच्या मुदतीने ठरायचा. मुदत संपत आली की फेरआकारणीचा अधिकारी तालुक्यात दाखल व्हायचा. जमिनीचा कस, धान्याचे भाव, खंडाचे दर, नवे रस्ते, रेल्वे हे सगळे पाहून तो वाढीची शिफारस करायचा. ती शिफारस चुकीची असेल तर दाद मागायची कुठे? मुंबई इलाख्यात १८७६च्या कायद्याने आकारणीचे वाद दिवाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवले होते. सारा ठरवणारे सरकार, वसूल करणारे सरकार आणि तक्रार ऐकणारेही सरकारच. सारा थकला की भांडीकुंडी आणि गुरे जप्त व्हायची. तेवढ्याने भागले नाही तर जमीन खालसा व्हायची.

सुरत जिल्ह्यातल्या बार्डोली तालुक्याने १९२८ साली नेमके इथेच सरकारला अडवले. साराबंदीच्या चळवळी त्याआधीही झाल्या होत्या. १८९६-९७च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव फिरून, पीक बुडाले असेल तर सारा तहकूब मागायचा तुमचा हक्क आहे, हे कुणब्यांना समजावत होती. टिळक 'केसरी'तून हेच मांडत होते, आणि त्यापायी सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. १९१८च्या खेडा सत्याग्रहात भांडण आणेवारीचे, म्हणजे पीक किती आले याच्या अंदाजाचे होते. पीक चार आण्यांच्या आत आहे असे शेतकरी म्हणत होते, कलेक्टर ते मानत नव्हता. बार्डोलीत दुष्काळ नव्हता. तिथे वाद होता तो निव्वळ हिशेबाचा, आणि म्हणूनच मला ही लढाई सगळ्यांत विचार करण्याजोगी वाटते.

तालुका १३७ गावांचा. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. कणबी पाटीदार आणि अनाविल ब्राह्मण हे मुख्य खातेदार. त्यांच्या जोडीला वाणी, पारशी, मुसलमान आणि मोठ्या संख्येने आदिवासी. १९२६मध्ये जयकर नावाच्या अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के वाढ सुचवली. ताप्ती खोऱ्यातली रेल्वे आली, पक्की घरे वाढली, मजुरी वाढली, भाव चढले, अशी त्यांची कारणे होती. शेतकऱ्यांचे उत्तर साधे होते. पक्की घरे उभी राहिली ती दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या भाऊबंदांच्या पैशातून. आणि मजुरी वाढली तर ती शेतकऱ्याच्याच खिशातून जाते, मग तिच्यात त्याची भरभराट कशी दिसते? सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी जयकरांची बहुतेक कारणे बाजूला सारली आणि केवळ खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवून २९ टक्क्यांची शिफारस केली. खंडाने दिलेल्या जमिनीचे अनेक वर्षांचे आकडे एकाच वर्षाचे असल्यासारखे धरले गेल्याने, तालुक्यातली फार मोठी जमीन खंडावर आहे असा भास निर्माण झाला होता. नरहरी परीख यांनी ही चूक आकड्यांनिशी दाखवून दिली. तालुक्यातला बहुतेक शेतकरी स्वतःच नांगर धरणारा होता. जुलै १९२७मध्ये सरकारने वाढ २२ टक्क्यांवर आणली, पण हिशेब पुन्हा तपासायला ते तयार झाले नाही.

अर्ज झाले, शिष्टमंडळे जाऊन आली. अखेर कुंवरजी आणि कल्याणजी मेहता प्रभृती तालुक्यातली कार्यकर्ती मंडळी वल्लभभाई पटेलांकडे गेली. वल्लभभाई तेव्हा अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी लगेच होकार दिला नाही. जमीन जाईल, तुरुंग वाट्याला येईल, घरी जाऊन पुन्हा विचार करा, असे त्यांनी बजावले. मधल्या काळात त्यांनी गव्हर्नरला पत्रही लिहिले. १२ फेब्रुवारी १९२८ला बार्डोलीच्या परिषदेत ठराव झाला: सरकारने जुना सारा पूर्ण वसुली म्हणून स्वीकारावा किंवा निःपक्ष चौकशी नेमावी, तोवर सारा भरायचा नाही. मागणी एवढीच होती. वाढ रद्दच करा असा शेतकऱ्यांचा हट्ट नव्हता. तपासा, आणि जे निघेल ते देऊ, असे म्हणत होते. सरकारला नाकारायला सर्वांत अवघड अशी ही मागणी होती. वल्लभभाईंची खरी हुशारी मला इथे दिसते.

मग जप्ती सुरू झाली. तालुक्यात ठिकठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या होत्या. रविशंकर महाराज, दरबार गोपाळदास, अब्बास तय्यबजी, मोहनलाल पंड्या अशी माणसे त्या सांभाळत. जुगतराम दवे यांच्या देखरेखीखाली निघणारी 'सत्याग्रह पत्रिका' रोज गावोगाव पोचे. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल बायकांच्या सभा घेत. जप्तीवाले येताना दिसले की ढोल वाजे, शंख फुंकला जाई, आणि घरांना कुलपे लागत. सरकारने जप्तीसाठी पठाण आणल्यावर तर दिवसभर दारे बंदच राहू लागली. माणसे आणि म्हशी एकाच घरात, एकाच अंधारात. उन्हाळ्याचे दिवस, शेणामुताचा वास, पोरांची रड, आणि बाहेर जप्तीदार उभा. पाणी, वैरण, बाजारहाट ज्याला जसे साधेल तसे रात्री उरकायचे. उन्हाविना म्हशींची कातडी फिकी पडली. हाती लागलेली जनावरे लिलावात निघत तेव्हा तालुक्यात बोली लावायला कोणी पुढे येत नसे. गिऱ्हाईक बाहेरून आणावे लागे. हजारो खातेदारांना जमीन खालसा करण्याच्या नोटिसा गेल्या आणि काही जमिनी विकल्याही गेल्या. पाटील आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले, आणि वसुलीची यंत्रणा गावातच खिळखिळी झाली.

या एकजुटीमागे केवळ उत्साह नव्हता. चोरून सारा भरणाऱ्याला जातपंचायतीचा दंड बसे, वाळीत टाकले जाण्याची भीती असे. हे सांगितल्याशिवाय बार्डोलीचे चित्र पुरे होत नाही. मात्र सरकारी नोकरांना अन्नपाणी नाकारायचे नाही, हे वल्लभभाई पुन्हा पुन्हा बजावत राहिले. तालुक्याच्या तोंडी त्यांचे 'सरदार' हे नाव याच दिवसांत रुळले.

बाहेरची मतेही फिरू लागली. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू, ठक्कर बाप्पा आणि वझे तालुक्यात आले. ही मंडळी मवाळ, साराबंदीच्या वाटेला न जाणारी. त्यांनीही फेरचौकशीची मागणी न्याय्य असल्याचे सांगितले. कन्हैयालाल मुन्शींनी गव्हर्नरशी पत्रव्यवहार केला, स्वतः गावे पाहिली आणि कायदेमंडळाचा राजीनामा दिला. १२ जूनला देशभर बार्डोली दिन पाळला गेला. २३ जुलैला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी कायदेमंडळात चौदा दिवसांची मुदत दिली: आधी वाढीव सारा भरा, मग चौकशीचे पाहू. गांधीजी २ ऑगस्टला बार्डोलीत येऊन राहिले, वल्लभभाईंना पकडले तर सूत्रे हाती घ्यायला.

तडजोड झाली पुण्यात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सर चुनीलाल मेहतांच्या मध्यस्थीने जे साधले ते मुत्सद्देगिरीचा नमुनाच म्हणावे लागेल. कायदेमंडळातल्या सुरतच्या सभासदांनी सरकारला एक पत्र दिले की घातलेली अट पुरी होईल. कोण पुरी करणार आणि कशी, याविषयी पत्रात अवाक्षर नव्हते. वाढीची रक्कम मुंबईच्या एका गृहस्थाने सरकारजमा करण्याची तयारी दाखवली. शेतकऱ्यांनी भरला तो जुनाच सारा. कैदी सुटले, तलाठी कामावर परत आले, विकलेल्या जमिनी मूळ मालकांना मिळाल्या, आणि चौकशी नेमली गेली.

चौकशीवर न्यायखात्याकडून आलेले ब्रूमफील्ड हे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. त्यांच्या जोडीला महसूल खात्याचे मॅक्सवेल. दोघेही सरकारी नोकर, दोघेही इंग्रज. शेतकऱ्यांची बाजू भुलाभाई देसाईंनी मांडली, आणि महादेव देसाई, नरहरी परीख, रामनारायण पाठक गावोगावचे कागद घेऊन त्यांच्यासोबत राबले. ज्या खंडाच्या आकड्यांवर सगळी वाढ उभी होती, ते आकडे प्रत्यक्ष पडताळलेलेच नव्हते, असे अधिकाऱ्यांना गावात बसून चौकशी केल्यावर दिसून आले. १९२९च्या अहवालात त्यांनी २२ टक्क्यांच्या जागी सुमारे ६ टक्के वाढ सुचवली.

या विजयात एका माणसाचे नाव कुठेच नव्हते: दुबळा या आदिवासी जमातीतल्या शेतमजुराचे. लग्नासाठी धनियाकडून, म्हणजे मालकाकडून, घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेतात राबणारा हा हाळी खातेदार नव्हता, त्यामुळे सारावाढीच्या हिशेबात तो येतच नव्हता. सत्याग्रही पाटीदारांच्या म्हशी दाराआड होत्या तेव्हा त्यांच्या वैरणीचे ओझे वाहणारे हात बहुधा त्याचेच असणार. गांधीजींच्या विचारांच्या आश्रमीय कार्यकर्त्यांनी पुढे हा प्रश्न हाती घेतला, आणि १९३९च्या जानेवारीत बार्डोलीत हाळींच्या मुक्ततेची घोषणा वल्लभभाई आणि गांधीजींच्या साक्षीने झाली. दशकभरापूर्वी सरकारकडे तपासणी मागणाऱ्या त्याच खातेदारांनी ती घोषणा मात्र अंमलात येऊ दिली नाही. घोषणेत ठरलेली मजुरी बहुतेक घरी कागदावरच राहिली.