शिडाची चीर कुठे थांबते?

मराठा आरमाराच्या गलबतांची सुती शिडं टाके सहज पचवत. विंडसर्फिंगच्या शिडाची पारदर्शक खिडकी मात्र बहुधा पॉलिएस्टर फिल्मची असते. ती फाटली तर सुईचं प्रत्येक भोक म्हणजे नव्या चिरेला आमंत्रण. ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. म्हणून तापवलेल्या खिळ्याने टोकाला बारीक गोल भोक पाडा, म्हणजे ताण परिघावर पसरतो. मग मीठ गोड्या पाण्याने धुऊन, शीड सुकवून, स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंनी चिकट फिल्मचं ठिगळ लावा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे लवकर उचकटतात. पावसाळी दमटपणात हे काम टाळलेलंच बरं. उन्हाने ठिसूळ झालेल्या फिल्मला मात्र ठिगळ पुरत नाही; तो भाग बदलावाच लागतो.