आढ्यावरचा जिल्हा: पाणी, सोयाबीन आणि अजिंठा

ज्यांना इअरफोनपेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर.

पुण्यात ऑफिसमध्ये ‘मी मालेगावचा’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “पॉवरलूमवालं ना?” नाही हो, ते नाशिक जिल्ह्यातलं. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, अकोला-वाशीम रस्त्यावरचं.

फोनवर नकाशा उघडा आणि टेरेन मोड लावा. वाशीम जिल्हा घराच्या आढ्यासारखा दिसेल. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते, पुढे तापी, मग अरबी समुद्र. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. आढ्यावर पाणी थांबतं का? उतारावर मातीचा थर पातळ, खाली काळा बेसाल्ट. तो पाणी फारसं धरून ठेवत नाही. काटेपूर्णेवर धरण आहे, पण ते खाली महानला, अकोला जिल्ह्यात. अकोल्याच्या नळाला ते पाणी येतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर दिसला की मला हे हमखास आठवतं.

आता सोयाबीन. बहुतेक शेती पावसावर, त्यामुळे साधारण शंभर दिवसांत हाती येणारं पीक परवडतं. उरलेल्या ओलीवर हरभरा घेता येतो. म्हणून ज्वारी मागे पडली, कपाशीही बरीच हटली. पण गोम अशी आहे की सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के. बाकीची बहुतेक पेंड, म्हणजे मुख्यतः कोंबड्यांचं खाद्य. त्यामुळे भाव ठरतो तो पेंडीची मागणी, आयात तेलावरचं शुल्क आणि ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक यांवर. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. पण सरकारी खरेदीत नंबर लागेपर्यंत थांबायला घरात पैसा लागतो. दिवाळी तोंडावर, दुकानदाराची उधारी डोक्यावर, मग माल मिळेल त्या भावात जातो. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून गेला, माल लवकर पोचतोही. पण गाळप आणि प्रक्रिया इथे वाढली नाही तर नुसत्या रस्त्याने भाव वाढत नाही, असं माझं मत.

आणि इतिहास? आपल्या तालुक्यातलं शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ, मानोऱ्याकडची पोहरादेवी, कारंजा, या प्रत्येकावर वेगळा एपिसोड होईल. आज फक्त वाशीम. त्याचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य लिहिलं. ते आज हरवलंय, दुसऱ्यांच्या ग्रंथांत उद्धृत झालेले तुकडेच उरलेत. प्राकृत काव्याच्या एका रीतीलाही या गावावरून ‘वच्छोमी’ नाव पडलं.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला राजा होता हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर तिथला शिलालेख बघा. त्यात वराहदेवाने आपल्या राजाच्या घराण्याची वंशावळ दिली आहे.