ठणठणीत

जालन्याच्या बाजारात माठ घेणारी जाणती बाई आधी भाव विचारत नाही. बोट दुमडून पेराने माठ वाजवते, कान देते आणि मगच 'केवढ्याला?' म्हणते. 'ठण्ण' वाजला तर माठ पक्का. 'बद्द' वाजला तर कुठे तरी तडा आहे, नाही तर आव्यात तो कच्चा राहिला आहे. याच जिल्ह्यात कुणाला तब्येत विचारली, की 'एकदम ठणठणीत' असे उत्तर येते. मे महिन्यात विहिरीची चौकशी केली, तरी 'ठणठणीत कोरडी' हेच कानावर पडते. धडधाकट माणूस आणि आटलेली विहीर, दोघांना विशेषण एकच! या शब्दाने मला कित्येक वर्षे धरून ठेवले आहे.

शब्द ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करून झालेला. 'ठण' दोनदा म्हणायचे आणि त्याला 'ईत' जोडायचे. ही मराठीची फार आवडती घडण. नाणे खणखणते म्हणून बोलणे खणखणीत, छडी सणसणते म्हणून चपराक सणसणीत. झणझणीत ठेच्यात तर पैंजणाचा आवाज जिभेवर येऊन बसला आहे. भोज-कालिदासाच्या गोष्टींत एक समस्यापूर्ती सांगतात. तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटून पायऱ्यांवरून गडगडत जातो आणि श्लोकाचा अखेरचा चरण नुसत्या 'ठ' आणि 'ठं'चा. घड्याचा आवाज संस्कृतालाही 'ठ'नेच पकडावा लागला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९मध्ये दाखवून दिले, की असे दुहेरी आवाजी शब्द आर्य आणि द्रविड अशा दोन्ही कुळांतल्या भारतीय भाषांचे सामाईक धन आहे. त्यामुळे 'ठणठण' कोणी कोणाकडून घेतला, हा वाद मला निष्फळ वाटतो.

खरी गंमत शेवटच्या अक्षरात आहे. 'ठक' म्हणा, आवाज जागीच मरतो. ते लाकूड. 'ठण' म्हणा, 'ण' नाकात घुमत राहतो. ते धातूचे किंवा पक्क्या भाजलेल्या मातीचे भांडे. टक आणि टण, खट आणि खण या जोड्याही तशाच. वस्तू किती वेळ कंप पावते, हे मराठी माणसाने व्यंजनातच नोंदवून ठेवले आहे.

आता त्या दोन अर्थांकडे. अखंड भांड्यावर टिचकी मारली, की त्याची भिंत बराच वेळ कंप पावते. तडा असेल तर तड्याच्या कडा एकमेकींवर घासतात आणि कंप लगेच विरतो. आत पाणी असले तरी ते भिंतीचा कंप जड करते. म्हणजे मोकळा नाद देणारे भांडे एकाच वेळी अभंगही असते आणि रिकामेही. माझे मत असे, की अभंगपणा माणसाच्या प्रकृतीकडे गेला आणि रिकामेपणा विहिरीकडे, खिशाकडे, 'ठणठणगोपाळा'कडे. जयवंत दळवींनी 'ललित'मधल्या सदरासाठी घेतलेले 'ठणठणपाळ' हे टोपणनावही याच घराण्यातले. जखम ठणकते तीही एकामागून एक ठोके पडावेत तशी, आणि ठणकावून सांगणारा शब्दांचे ठोकेच देतो.

  

याच घराण्यातला 'ठणठणाट' हा शब्द जालना जिल्ह्यात नुसता कोशात राहत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडे तोडली आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंड्यांच्या रांगा लागल्या. प्लास्टिकची घागर रिकामी असली तरी ठणठणत नाही. त्या रांगांमध्ये हा शब्द मात्र प्रत्येकाच्या तोंडी होता.

कुंभार, तांबट आणि कासार यांच्याजवळ भांड्यांच्या आवाजांचे असे कितीतरी शब्द आहेत. छापील कोशांत त्यांतले थोडेच आले असणार. तुमच्या गावात असा कारागीर अजून काम करत असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जा, भांडे वाजवून घ्या, आणि तो ज्या शब्दाने त्या आवाजाला हाक मारतो तो शब्द गावाच्या नावासह लिहून ठेवा.