निसर्गचित्रातील भाव आणि तंत्र

चित्रकलेच्या तासाला मुले बहुधा डोंगर हिरवा, आकाश निळे आणि सावली काळी रंगवितात. प्रत्येक वस्तूचा रंग ठरलेला असतो, अशी समजूत त्यामागे असते. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी हीच समजूत दूर केली. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला त्या घटकेचा प्रकाश त्यांनी चित्राचा विषय मानला.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ‘इंप्रेशन, सूर्योदय’ हे चित्र १८७४ साली पॅरिस येथे प्रदर्शित झाले. लुई लरॉय या टीकाकाराने त्यातील ‘इंप्रेशन’ हा शब्द उपहासाने वापरला. पुढे तोच या पंथाचे नाव होऊन बसला. ल हाव्र बंदरातील नावा व डोलकाठ्या या चित्रात धुक्यात विरल्या आहेत. कोठेही रेखीव कडा नाही. पाण्यावरील प्रतिबिंब कुंचल्याच्या चारसहा तुटक फटकाऱ्यांत उमटले आहे. नारिंगी सूर्य भोवतालच्या आकाशाहून फारसा उजळ नाही. तो उठून दिसतो तो निळसर करड्या रंगाशी असलेल्या विरोधामुळे. चित्राच्या कृष्णधवल छायाचित्रात तो जवळजवळ दिसेनासा होतो. पहाटेचा शांत, ओलसर भाव अशा प्रकारे तंत्रातूनच निर्माण झाला आहे.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरच्या कोटीतीर्थ व रंकाळा परिसरातील निसर्ग याच जाणिवेने न्याहाळला व रंगविला.

मीरा-भाईंदर परिसरातील शिक्षकांना यासाठी दूर जावयास नको. मिठागरातील मिठाची रास सकाळी मुलांना दाखवावी. उन्हाकडील बाजू पिवळसर व सावलीची बाजू निळसर दिसेल. कारण सावलीत सूर्याचा नव्हे, तर आकाशाचा प्रकाश पोहोचतो. तीच रास दुपारी व सायंकाळी पुन्हा दाखवून तिन्ही वेळचे रंग टिपून घ्यावयास सांगावे. रंगपेटी नसल्यास रंगीत खडू पुरेत. रंग घोटून एकजीव न करता त्यांच्या लहान रेघा शेजारी शेजारी ओढाव्यात, म्हणजे दुरून पाहताना त्या डोळ्यांत मिसळतात.

मुलाने सावली निळी रंगविली, तर ती चूक ठरविण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्यासह बाहेर जाऊन ती सावली पाहावी. नमुन्याबरहुकूम रंगविण्याची सवय एकदा जडली, की मूल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोडून देते. तो विश्वास टिकविणे हेच चित्रकलेच्या तासाचे खरे कार्य होय.